तिसऱ्या खोलीला माणूस नको

फिन्टन टॅन्सी आमच्या घरात राहायला आला त्याच संध्याकाळी त्याने माझ्या टोस्टरच्या उभ्या फटीत चीज लावलेला पाव कोंबला. घरभर धूर झाला. मी एकामागून एक खिडक्या उघडत होते आणि हा बाबा, भर नोव्हेंबरात हाफ पँट घालून, टोस्टरनेच विश्वासघात केल्यासारखा त्याच्याकडे बघत उभा होता.

"असं कोण करतं?" मी ओरडले.

"भूक लागलेला माणूस," तो म्हणाला. "तुझं नाव डर्व्हला ना? ऐकलंय तुझ्याबद्दल. चीजवर नाव लिहून ठेवणारी."

"का लिहिते ते आता कळलं असेल."

ही आमची ओळख.

डब्लिनमध्ये चाळिशीला टेकलेली माणसं भाड्याच्या घरात बाथरूमसाठी नंबर लावून उभी असतात, याला काही लोक एकत्र राहण्याची मजा म्हणतात. मी लाचारी म्हणते. मी अडतीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई, आणि माझ्या मालकीचं म्हणाल तर तो एक टोस्टर. फिब्सबरोतल्या त्या लाल विटांच्या घरात तीन खोल्या. रस्त्याकडची मोठी रुअरीची, मागची माझी, आणि जिन्याशेजारची ओल आलेली तिसरी. तिथली मुलगी कॅनडाला गेली आणि घरमालक गेगनने हे ध्यान आमच्या गळ्यात मारलं. टॅन्सी रॉसकॉमनचा, माझ्याहून थोडा मोठा, बायकोपासून वेगळा झालेला. गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांशी गोड बोलावं लागतं, त्यामुळे घरी यायच्या वेळी गोड संपलेलं असतं, असं त्याने स्वतःच सांगितलं. वर त्याचा अभिमान.

तो आंघोळीला गेला की फुटबॉलच्या मॅचचं धावतं वर्णन करायचा. ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालायचा. उकडलेले बटाटे भांड्यातूनच खायचा, उभ्याने. मी त्याच्याकडे बघायचे तेव्हा मला त्याच्या बायकोचं कौतुक वाटायचं, की तिने इतकी वर्षं काढली.

रुअरीची गोष्ट वेगळी. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं. रुअरी कुठल्याशा कला संस्थेत काम करायचा आणि रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये जुनी आयरिश गाणी म्हणायचा, डोळे मिटून, वाद्य न घेता. गाताना शेजारच्या माणसाचा हात धरून हळूहळू हलवायचा, तशी जुनी पद्धतच आहे. दोन वर्षं तो हात बहुतेक वेळा माझा असायचा. घरी तो संत्रं सोलून अर्धं माझ्यासाठी बशीत ठेवायचा. जिन्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसून म्हणायचा, "तू मला जितकं ओळखतेस तितकं कुणी ओळखत नाही." आणि मग उठून झोपायला जायचा. एकटा. मीही जायचे, एकटीच, आणि तो 'तितकं' शब्द उशाशी घेऊन पडायचे. आता आठवलं की माझी मलाच किळस येते.

टॅन्सीने हे महिन्याभरात ओळखलं. एकदा मी ती संत्र्याची बशी घेऊन वर निघाले होते, तर हा जिन्याच्या खाली उभा.

"तो काही बोलणार नाहीये," तो म्हणाला.

"कोण? कशाबद्दल?"

"उगाच भोळं तोंड करू नकोस, तुला शोभत नाही. त्याला बायको नकोय, प्रेक्षक हवाय. आणि तू पहिल्या रांगेत बसलीयस, कोट मांडीवर घेऊन."

"टॅन्सी, तुला तुझी बायको टिकवता आली नाही. तू मला शिकवणार?"

"मला टिकवता आली नाही म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन गोल झाल्याचं ओरडायला लागला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलले.

वसंतात आई गुडघा दाखवायला मेयोहून डब्लिनला आली आणि आमच्याकडे राहिली. रुअरीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, खाली वाकला, आणि तिच्यासाठी म्हणून एक गाणं म्हटलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "छान. आणि हा कामाला कुठे जातो?"

जेवायला टॅन्सीने बटाटे केले होते. आईने एक काट्याने टोचून पाहिला.

"हे बटाटे आहेत की साबण?"

"खाऊन बघा, बाई. फेस आला तर साबण."

"तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही का?"

"शिकवलं की. पण ती मेयोची होती."

मी टेबलाखाली पाय आखडून घेतले. आईने काटा खाली ठेवला. मग दोघं जेवण संपेपर्यंत रॉसकॉमनचे रस्ते वाईट की मेयोचे, यावर तावातावाने भांडत राहिले. आईचे गाल लाल झाले होते. बाबा गेल्यानंतर मी तिला इतकं खाताना पाहिलं नव्हतं.

बसस्टॉपवर ती मला म्हणाली, "तो दुसरा उद्धट आहे."

"माहीत आहे."

"मला गाणाऱ्यापेक्षा तो बरा वाटला. खोटं बोलायचे कष्ट तरी घेत नाही."

"आई, तो टोस्टरमध्ये चीज घालतो."

"मग टोस्टर लपव," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

ऑक्टोबरात आई गेली. झोपेत. मावशीचा फोन दुकानात आला तेव्हा एक गृहस्थ यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते आणि मी त्यांना हिरव्या दिव्याकडे बघायला सांगत होते. मी त्यांची तपासणी पुरी केली. चष्म्याचा नंबर बरोबर काढला. मग कोट घेऊन घरी चालत आले.

रुअरी घरीच होता. त्याने मला मिठीत घेतलं आणि तो रडला. माझी कॉलर भिजेपर्यंत रडला. मी अजून रडले नव्हते, आणि त्याला थोपटता थोपटता माझं रडणं मागेच राहून गेलं. "मी येणार," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या थडग्यापाशी मी गाणार. एवढं तरी मला करू दे." मी त्या क्षणी त्याच्यासाठी घर, दुकान, डब्लिन सगळं सोडलं असतं. आणि मी स्वतःला हुशार समजायचे.

टॅन्सी दारात किल्ल्या वाजवत उभा होता. त्याने त्या दिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचे सगळे धडे रद्द केले होते.

"गाडीत बस," एवढंच म्हणाला.

ती त्याची शिकवायची गाडी. छतावर शिकाऊ असल्याची पाटी, ती काढायची तो विसरला होता. वाटभर लोक आम्हाला घाबरून लांब लांब जात होते. मी शिक्षकाच्या जागेवर बसले होते, आणि तिथे खाली दुसरा ब्रेक असतो. लाँगफर्डच्या पुढे प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप त्यावर पडायला लागला.

"पाय काढ त्या ब्रेकवरून," तो म्हणाला, "नाहीतर तुझ्या आईबरोबर आपलंही उरकून टाकतील. मयताच्या जेवणाला हॅम तेवढंच लागेल, माणसं तेवढीच येतील."

सांत्वनाचा एक शब्द नाही. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून त्याने माझ्या हातात बेकन घातलेला पाव ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत गाडी सुरू केली नाही. मी त्याला दगड म्हणाले. तो म्हणाला, "खा."

मेयोत, क्रॉसमोलिनाजवळच्या आमच्या घरी, आईला दिवाणखान्यात ठेवलं होतं, तिच्या निळ्या ड्रेसमध्ये, हातात जपमाळ गुंडाळून. गाव येऊन जात होतं. माणसं माझा हात दाबत होती, "सुटली बिचारी" म्हणत होती, चहा पीत होती. अ‍ॅट्रॅक्टा मावशी दाराशी उभी राहून कोण आलं आणि कोण नाही हे मनात धरत होती. मी सगळ्यांचे आभार मानत होते. माझा चेहरा प्लॅस्टरसारखा झाला होता.

टॅन्सीची पाळी आली. एकदाची त्याने फुल पँट घातली होती, कुणाची तरी उसनी, घोट्याच्या वर. तो शवपेटीपाशी गेला, आईकडे बराच वेळ बघत राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय बाई, शेवटी गप्प बसलात म्हणायचं."

मावशीने छातीवर क्रूस काढला.

"आणि रस्ते तुमचेच वाईट आहेत," तो पुढे म्हणाला. "आत्ता त्यावरूनच आलो. आता बोला."

त्याचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला. आणि मला हसू आलं. साधं नाही, पोट धरून, भिंतीला टेकून, नाकातून पाणी येईपर्यंत. त्या हसण्यातूनच मग रडणं आलं, अडकलेलं सगळं, आणि मी आईच्या पेटीची कड धरून गुरासारखी रडले. तो माझ्या शेजारी नुसता उभा राहिला, खिशात हात घालून. मागून मावशी कुणाला तरी विचारत होती, "हा कोण जनावर आहे?"

दफनाच्या दिवशी ऊन पडलं होतं. ऑक्टोबरात मेयोत असं ऊन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाद्रीबाबांना घाम फुटला होता आणि मावशीचं नाक भाजून निघालं. चर्चच्या फाटकाशी माझा फोन वाजला. रुअरी.

"डर्व्हला, माझा आवाज बसलाय," तो म्हणाला, अगदी व्यवस्थित आवाजात. "दुःखाने. मी बसस्टॉपपर्यंत गेलो होतो ग, पण पाय उचलेना. काही दुःखं गाता येत नाहीत. तू समजून घेशील. तूच घेशील."

"बरं," मी म्हणाले.

तो बोलत राहिला. त्याला रात्रभर कशी झोप लागली नाही, त्याला त्याची स्वतःची आजी कशी आठवली. घंटा वाजायला लागली तरी तो बोलतच होता. मी फोन बंद केला. टॅन्सी जवळच उभा होता, त्याने सगळं ऐकलं असणार. मी वाट बघत होते, की आता हा म्हणेल, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "चल, तुझ्या मावशीने मला पेटी उचलायला लावलंय. माझा खांदा बाकीच्यांच्या खाली येतो, आई तिरकी जाणार तुझी."

आम्ही डब्लिनला परत आलो. रुअरीने मला फुलं आणली. मी ती पाण्यात ठेवली. माणूस एका दिवसात शहाणा होत नाही, आणि मी तर अजिबातच नाही. त्याला काही जमलं नाही, असतात माणसं हळवी, असं मी स्वतःला सांगत होते.

मग नोव्हेंबरातला एक रविवार आला. पब भरला होता. रुअरी उठला, केस मागे सारले आणि म्हणाला की आज तो स्वतः बांधलेलं गाणं म्हणणार आहे, एका आईसाठी, जी त्याच्या फार जवळची होती. माझी आई त्याला एकदा भेटली होती आणि तो कामाला कुठे जातो हे तिला कळलं नव्हतं. त्याने माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं. गाण्यात पाऊस होता. काळ्या छत्र्या होत्या. चिखलात उभी राहिलेली लेक होती, तिचे भिजलेले केस होते. आणि त्या लेकीच्या शेजारी एक माणूस होता जो उघड्या थडग्यात बघून गात होता. तो माणूस म्हणजे हा.

लोक रुमाल काढायला लागले. त्याच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि त्याने तो पुसला नाही. दिसावा म्हणून. मी इतक्या जवळ बसले होते की मला ते कळलं. माणसांचे डोळे बघणं हा माझा धंदा आहे.

मी हात काढून घेतला.

"ऊन होतं," मी म्हणाले.

तो गातच होता. मी उठून उभी राहिले. "रुअरी, ऊन होतं. कडकडीत. छत्री एकही नव्हती."

त्याने डोळे उघडले. "डर्व्हला, बस," तो हळूच म्हणाला, आजाऱ्याशी बोलावं तसा. "हे गाणं आहे. पाऊस म्हणजे अश्रू."

"आणि तो शेजारचा गाणारा म्हणजे कोण? तू तर आलाच नव्हतास. तुझा आवाज बसला होता ना?"

कुणीतरी "शू" केलं. एक बाई म्हणाली, "बिचारी दुःखात आहे." तेवढ्यात काउंटरपासून टॅन्सीचा आवाज आला, "ऊन होतं. मी होतो तिथे. माझी मान सोलून निघाली."

पबमध्ये कुणी तरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. रुअरीचा चेहरा मी पहिल्यांदाच अगदी खरा पाहिला. त्यावर दुःख नव्हतं, लाज नव्हती. गाणं मधेच तुटल्याचा राग होता फक्त. दोन वर्षं मी या माणसाच्या अर्ध्या संत्र्यावर जगले होते.

नाताळच्या आत तो घर सोडून गेला. मी कशी कठोर बाई आहे हे त्याने सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं. पुढे त्याचं एका रेडिओवाल्या बाईशी जमलं असं कानावर आलं. आता ती हात धरते म्हणे. धरू दे. तिचे हात दमतील तेव्हा कळेल.

राहिलो मी आणि टॅन्सी. गेगनने सांगितलं, खोली लवकर भरा, माणूस तुम्हीच बघा. मग शनिवारी सकाळी माणसं यायला लागली. डब्लिनमध्ये खोली रिकामी म्हटलं की माणसं जिन्यावर रांग लावतात. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलामागे न्यायाधीशांसारखे बसायचो. एक तरुण आला, तो म्हणाला मला सगळेच लोक आवडतात. "याला हाकल," टॅन्सी पुटपुटला. एक बाई आल्या, त्यांनी घरातली ऊर्जा तपासायला भिंतीला हात लावला आणि तो ओला झाला. एकाने विचारलं, तुम्ही एकत्र स्वयंपाक करता का? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही." माणूस गेला की आम्ही त्याची नक्कल करायचो. टॅन्सी त्या ऊर्जावाल्या बाईंची इतकी हुबेहूब करायचा की मी खुर्चीवरून घसरायचे. हिवाळाभर आम्ही माणसं नापास केली. मला वाटायचं की मी फक्त चोखंदळ आहे.

फेब्रुवारीत ब्रोना आली. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम, हळू बोलणारी, नीटनेटकी, सोबत स्वतः भाजलेला ब्राऊन ब्रेड. तिच्यात खोट काढायला मी सगळं कसब लावलं. सापडली नाही. ती गेल्यावर टॅन्सी कप विसळायला लागला.

"हिला घ्यायचं," मी म्हणाले.

"हो." तो एकच कप विसळत राहिला. "तिचे कान बघितलेस?"

"कानांचं काय?"

"मोठे आहेत. सगळं ऐकत बसेल."

"काय ऐकत बसेल? आपल्या घरात ऐकण्यासारखं आहे काय?"

त्याची मान मागून लाल झाली होती. मी रोज अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांच्या चेहऱ्याला चेहरा लावून बसते, त्यांचा श्वास माझ्या गालावर येतो, आणि माझ्या मनात दुपारच्या जेवणाचे विचार असतात. इथे तो चार पावलांवर पाठ करून उभा होता, हातात साबणाचा फेस, आणि माझ्या डोक्यातून जेवण साफ निघून गेलं. याच्यासाठी. या हाफ पँटवाल्यासाठी. मला स्वतःचा इतका राग आला की मी खुर्ची ढकलली.

"टॅन्सी, तू मला आवडत नाहीस."

"माहीत आहे. तूही मला आवडत नाहीस."

"तुझी एक सवय धड नाही."

"तू अख्ख्या जगाला नंबर काढून देत फिरतेस."

"आणि तरी त्या ब्रोनाने रोज सकाळी आपल्या मधे बसून चहा प्यावा हे मला सहन होणार नाही."

त्याने नळ बंद केला. तो वळला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परीक्षेत गाडी बंद पडलेल्या शिकाऊ माणसासारखं.

"मलाही नाही," तो म्हणाला. "बरेच महिने."

"मग तोंड काय शिवलं होतं? एरवी तर थांबत नाही."

"तू नाही म्हणाली असतीस तर? त्यानंतर रोज याच स्वयंपाकघरात तुझं तोंड बघायचं? डब्लिनमध्ये मला दुसरी खोली कुठे मिळणार होती?"

याला मी काय म्हणावं? माझ्यासाठी कुणी झुरलं, तर तेही घरांच्या टंचाईमुळे गप्प बसून. मी त्याला भित्रा म्हणाले, कंजूष म्हणाले, रॉसकॉमनचा बैल म्हणाले. तो फेसाळ हात हवेत धरून सगळं ऐकत होता आणि हसू दाबत होता. मग मीच पुढे झाले, कारण तो तिथे वसंतापर्यंत उभा राहिला असता. त्याच्या हातांचा साबण माझ्या स्वेटरच्या पाठीला लागला. ते काही वाईट नव्हतं, एवढंच मी सांगेन.

बेल वाजली. गेगन दारात होता, टोपी हातात धरून.

"काय ठरलं? त्या मुलीला हो सांगू?"

"खोली भरली," टॅन्सी म्हणाला.

"कुणी घेतली?"

"हिने."

"ती तर आधीच इथे राहते."

"तेच तर," टॅन्सी म्हणाला.

गेगनने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या स्वेटरवरचा फेस बघितला. चाळीस वर्षं घरं भाड्याने देणारा माणूस, पण डोक्यात काही उजेड पडेना. "मग भाडं तिन्ही खोल्यांचं येणार ना?" त्याने विचारलं. टॅन्सी म्हणाला येईल. तरी तो पायपुसण्यावर घुटमळत उभाच राहिला, आणि शेवटी मला त्या मूर्खाच्या तोंडावर दार लावून घ्यावं लागलं.